राखीव चाळीस मिनिटे

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमधल्या एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास अक्कांनी एका नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांचा जपान दौऱ्याचा अहवाल परत पाठवला. अहवाल बत्तीस पानांचा, गुळगुळीत कागदावर छापलेला, भरपूर फोटोंचा होता. पहिल्या पानाला टाचलेल्या चिठ्ठीवर पेन्सिलीने एकच ओळ होती : ‘प्रश्न क्रमांक चारचं उत्तर नाही.’ खाली सही, तारीख आणि वेळ. अक्का अधीक्षक होत्या. हुद्द्यांच्या उतरंडीत मुख्याधिकारी त्यांच्यापेक्षा बऱ्याच पायऱ्या वर होते.

बंगळुरूतल्या एका प्रशिक्षण संस्थेत हा आदानप्रदान विभाग आहे. कर्नाटकातल्या लहानमोठ्या नगरपालिकांचे अधिकारी आठ-दहा दिवसांसाठी परदेशातल्या एखाद्या शहराच्या पालिकेत जातात, तिथलं काम बघतात. पुढच्या वर्षी तिकडचे अधिकारी इकडे येतात. दोन्ही बाजूंच्या प्रवासाची आखणी, पत्रव्यवहार, गाड्या, दुभाषे आणि शेवटी अहवाल, हे सगळं अक्कांकडे होतं. संस्थेत त्यांना दौरा अक्का म्हणत. त्या स्वतः कधी दौऱ्यावर गेल्या नव्हत्या. त्यांच्याकडे पासपोर्ट नव्हता. देवनहळ्ळीच्या विमानतळाच्या दारावरचे रक्षक मात्र त्यांना ओळखत, कारण प्रत्येक तुकडीला निरोप द्यायला त्या दारापर्यंत जात आणि तिथूनच बस पकडून परत येत.

पुण्यातल्या वर्तमानपत्राची नोकरी सोडून मी तिथे अहवाल लिहिण्याच्या कामावर रुजू झाले तेव्हा माझं टेबल त्यांच्या समोर लागलं. त्यांचं घराणं राजाजीनगरमधलं, कित्येक पिढ्या बंगळुरूत राहिलेलं. वडील शिंपी होते. पहिल्या दिवशी माझं नाव ऐकल्यावर त्या मराठीत म्हणाल्या, “आमच्या घरी मराठी देवापुढे बोलायची नि भांडताना. आता ऑफिसात पण झाली. सरी.” ‘सरी’ म्हणजे कन्नडमध्ये ‘ठीक’. तेव्हापासून त्या मला नावाने क्वचितच हाक मारायच्या. मी ‘पुणेकर’ होते.

त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीला ओल होती. परदेशी पाहुणे येण्याआधी दर वेळी ती भिंत रंगवली जायची आणि पाहुणे गेल्यावर ओल पुन्हा वर यायची. बांधकाम विभागाचं म्हणणं होतं की ती पावसाची आहे. अक्कांनी तिच्यावर कॅलेंडर टांगलं होतं. ओल सरकली की कॅलेंडरचा खिळाही सरकायचा. भिंतीवर जुन्या खिळ्यांच्या भोकांची एक तिरकी रांग झाली होती. तक्रार करा, असं मी एकदा सुचवलं. त्यांनी ड्रॉवरमधून तक्रारींच्या पोचपावत्यांची एक पातळ फाइल काढून दाखवली आणि परत ठेवली.

अक्कांची दहशत होती ती त्यांच्या प्रश्नपत्रिकेची. हे नाव अधिकाऱ्यांनी दिलेलं. परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाला निघण्यापूर्वी एक कागद मिळायचा. त्यावर पाच प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नाखाली ‘विचारणाऱ्याचं नाव’ असा रकाना. तीन प्रश्न अधिकाऱ्याने स्वतः लिहायचे. उरलेले दोन ज्यांना कधीच कुणी परदेशी पाठवणार नाही अशांचे : झाडूवाल्या बायकांचे, स्मशानातल्या नोंदणी कारकुनाचे, दिवाबत्तीच्या वायरमनचे. हे दोन प्रश्न अक्का स्वतः फिरून गोळा करायच्या. परत आल्यावर अहवालात पाचही उत्तरं असली तरच अहवाल दाखल व्हायचा. एका अधिकाऱ्याने कुरकुर केली की हे शाळेसारखं वाटतं. अक्का म्हणाल्या, “आमचे वडील माप घेतल्याशिवाय कात्री हातात धरत नव्हते. तुम्ही तर विमानात बसताय.”

माझा पहिला अहवाल त्यांनी अशाच पेन्सिलीने तपासला. ‘उत्साहपूर्ण वातावरणात’ यावर रेघ. ‘अविस्मरणीय’ यावर रेघ आणि समासात, ‘कोण विसरलं नाही? नाव?’ ‘स्थानिक कर्मचाऱ्यांच्या म्हणण्यानुसार’ यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. आमच्याकडे असं लिहायची पद्धत आहे, मी सांगितलं. त्यांनी विचारलं, कर्मचारी लपून राहणार होता का? नाही म्हटल्यावर, मग त्याचं नाव का लपवलंस, असं विचारलं. मी सात वर्षं बातम्या लिहिल्या होत्या आणि हा प्रश्न मला संपादकाने कधी विचारला नव्हता. त्या दिवसानंतर मी ते नाव विचारून घेऊ लागले. अजूनही घेते.

त्यांची तिसरी सवय कार्यक्रमपत्रिकेतली होती. पाहुण्यांचा दिवस त्या मिनिटांत मांडायच्या : स्वागत दहा मिनिटं, सादरीकरण वीस, चहा पंधरा. पण रोजच्या पानावर एक चौकट असायची, ‘राखीव – चाळीस मिनिटे’. ती भरायला सगळे टपलेले असत. कुणाला सत्कार घालायचा असे, कुणाला नवी इमारत दाखवायची असे. संचालकांनी एकदा स्वतः विचारलं की ही जागा रिकामी आहे का.

“नाही सर, भरलीय.”

“कशाने?”

“ते अजून कळलं नाही.”

संचालक हसले आणि गेले. चौकट तशीच राहिली. त्या चाळीस मिनिटांत मी एका परदेशी आरोग्य अधिकाऱ्याला अंडी विकणाऱ्या बाईशी तिच्या परवान्याबद्दल बोलताना पाहिलंय, आणि एका महापौरांना बाकावर नुसतं झोपलेलंही.

परत पाठवलेल्या अहवालातला चौथा प्रश्न मुनियप्पांचा होता. तो गोळा करायला अक्का गेल्या तेव्हा मी बरोबर होते. देवनहळ्ळीच्या पलीकडे बसने पाऊण तास लागतो असं ते गाव. शेतांचे प्लॉट पडलेले, प्लॉटांवर घरं उठत असलेली. मुनियप्पा तिथल्या, म्हणजे या मुख्याधिकाऱ्यांच्याच नगरपालिकेत कंत्राटी वॉल्व्हमन होते. पहाटे कुठल्या गल्लीला पाणी सोडायचं, कुठलं बंद करायचं, हे काम. पण गावात त्यांना ओळखत ते कानामुळे. जमिनीखालची गळती ते ऐकून सांगत. लोखंडी सळईचं एक टोक वॉल्व्हवर, दुसरं कानाच्या हाडावर. ते बोट ठेवतील तिथे खोदायचं, पाणी निघायचं. वीसेक वर्षं असं चाललं.

मग नव्या वस्त्यांत प्लास्टिकचे पाइप आले आणि मुनियप्पा चुकू लागले. तीन ठिकाणी त्यांच्या शब्दावर रस्ता खोदला, तिन्ही ठिकाणी माती कोरडी. सरकारी दवाखान्यात कानाची तपासणी झाली. वयोमानाने थोडं कमी ऐकू येतं, असा कागद मिळाला. नगरपालिकेच्या इंजिनियरला तेवढं पुरे होतं. गळती शोधायचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं. फक्त चाव्या फिरवायच्या उरल्या, आणि पुढच्या मार्चमध्ये कंत्राट संपल्यावर त्याही राहणार नाहीत, असं त्यांना तोंडी सांगितलं गेलं.

अक्कांनी कागद पुढे केला. मुनियप्पा कन्नडमध्ये म्हणाले, “माझा कान गेला की पाइप बदलला? तेवढं त्यांना विचारा. कान गेला म्हणाले तर मी घरी बसतो.”

अक्कांनी ते शब्दशः लिहिलं. मुख्याधिकाऱ्यांच्या कार्यालयातून कागद परत आला तेव्हा तिथे ‘प्लास्टिक जलवाहिन्यांमधील गळती शोधण्याच्या आधुनिक पद्धती’ असं टंकलेलं होतं आणि नावाच्या रकान्यात मुख्याधिकाऱ्यांचं नाव होतं. अक्कांनी ते पान काढलं, जुनं पान लावलं आणि दौऱ्याच्या कागदांचा लिफाफा बंद केला.

तो मंगळवार उलटल्यावर दोन दिवसांनी मुख्याधिकारी स्वतः आले. रागावून आले असतील असं आम्हाला वाटलं होतं. ते अवघडलेले दिसत होते. त्यांनी सांगितलं की प्रश्न विचारला होता. तिथल्या पाणीपुरवठ्यातला मोरिता नावाचा एक म्हातारा माणूस म्हणाला, याचं उत्तर खोलीत बसून देता येत नाही, उद्या पहाटे पाइपवर या, दाखवतो. पण त्या पहाटे गाड्या जुना किल्ला बघायला निघणार होत्या.

“मग किल्ला बघितलात,” अक्का म्हणाल्या.

“सगळेच गेले अक्का. मी एकटा कसा राहणार?”

अक्कांनी चहा मागवला. मग त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, “प्रश्न तुमचा असता तर राहिला असता सर.”

मुख्याधिकाऱ्यांनी चहा संपवला आणि आता काय करता येईल ते विचारलं. त्याच बैठकीत पत्र तयार झालं. त्यात दिलगिरी एका वाक्याची होती. बाकी प्रश्न, विचारणाऱ्याचं नाव आणि उत्तर येणं बाकी आहे एवढंच. पत्रावर मुख्याधिकाऱ्यांनी सही केली. करणार नाही असं ते म्हणू शकले असते. तसं म्हणाले नाहीत, हे नोंदवायला हवं.

दीड महिन्याने उत्तर आलं. जानेवारीत येणाऱ्या सहा जणांत मोरिता असतील. ते निवृत्त होऊन पुन्हा कामावर घेतलेले, त्यामुळे यादीत त्यांचा हुद्दा लिहिलेला नव्हता. पत्रात पुढे असं होतं की चौथ्या प्रश्नासाठी त्यांना एक वाहती गळती आणि प्रश्न विचारणारा माणूस, दोन्ही लागतील.

अक्का पाहुण्यांच्या वाटेवरून आदल्या दिवशी स्वतः चालून यायच्या. त्या जानेवारीतही गेल्या. मी बरोबर होते. नगरपालिकेसमोरचा रस्ता झाडलेला, कठड्यांना चुना लावलेला, आणि दर पन्नास पावलांवर ताज्या सिमेंटचं एकेक ठिगळ. तरुण इंजिनियर पुढे आला आणि त्याने अभिमानाने सांगितलं की गेल्या दहा दिवसांत गावातली माहीत असलेली प्रत्येक गळती बंद केली आहे. पाहुण्यांना एक थेंब दिसणार नाही.

“एक पण नाही ठेवली, अण्णा?” अक्कांनी विचारलं.

“एक पण नाही.”

मुनियप्पा कुठे आहेत असं विचारल्यावर कळलं की त्यांना दोन दिवसांची सुट्टी दिली आहे. पाहुण्यांसमोर सळई घेतलेला माणूस बरा दिसत नाही. त्यांच्या जागी टॅबलेट हातात धरून एक मुलगी नकाशा दाखवणार होती.

अक्का नगरपालिकेच्या पायरीवर बसल्या. त्यांना कामाच्या वेळेत बसलेलं मी क्वचितच पाहिलं होतं. पाच-सात मिनिटांनी उठल्या आणि मुनियप्पांच्या घरी गेल्या. ते अंगणात होते. अक्कांनी सगळं सांगितलं आणि विचारलं, गावात ऐकण्यासारखं काही उरलंय का.

मुनियप्पा म्हणाले, आहे एक. जुन्या तळ्याकडे जाणाऱ्या लोखंडी लाइनवर. गेल्या दसऱ्यापासून सांगतोय. माझ्या शब्दावर आता कुणी खोदत नाही, म्हणून राहिलीय.

अक्कांनी त्यांना वॉल्व्हपासून गळतीपर्यंतचं अंतर पावलांत कागदावर लिहायला लावलं. कागद घडी करून माझ्या हातात दिला आणि उघडायचा नाही असं बजावलं. “बातमीदार आहेस ना? ठेव जपून. उद्या माझ्यावर पण विश्वास ठेवू नकोस.”

दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेत राखीव चौकट नेहमीसारखी दुपारी नव्हती. नाश्त्याच्या आधी होती, सहा वीस ते सात. अक्कांनी ती महिनाभरापूर्वीच तिथे टंकून ठेवली होती, कारण त्या गावात पाणी सहाला सुटतं.

पहाटे थंडी होती. मोरिता सत्तरीकडे झुकलेले, सडपातळ, कानटोपी घातलेले. त्यांच्या हातात कापडी पिशवीत एक लांब काठी होती. एका टोकाला धातू, दुसऱ्या टोकाला कानाला लावायची चकती. दुभाषी होती ऋचा. मूळची पुण्याची, इलेक्ट्रॉनिक सिटीत एका जपानी कंपनीच्या कामावर असलेली. तिला कन्नड येत नव्हतं. त्यामुळे मुनियप्पा कन्नडमध्ये बोलायचे, अक्का त्याचं मराठी करायच्या आणि ऋचा त्याचं जपानी. उत्तर त्याच वाटेने उलटं यायचं. गल्लीतल्या बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, पाणी तरी यापेक्षा लवकर येतं.

मुनियप्पांना अक्कांनी दूर, पिठाच्या गिरणीपाशी उभं केलं होतं, तोंड भिंतीकडे. मोरितांना वॉल्व्ह दाखवला. त्यांनी काठी टेकवली, कान लावला, डोळे मिटले. पुढच्या नळापाशी गेले. परत आले. रस्त्यावर उकिडवे बसले. असं वीस मिनिटं चाललं. मग त्यांनी खिशातून खडू काढून डांबरावर एक फुली मारली.

मी घडी उघडली. ‘सव्वीस पावलं, डाव्या अंगाला.’ मुनियप्पांनी स्वतः चालून मोजलं. सव्विसावं पाऊल फुलीच्या अलीकडे पडलं, पाऊण हात.

अक्कांनी घड्याळ बघितलं आणि सगळ्यांना दोन गल्ल्या पलीकडे नव्या वस्तीत नेलं. तिथे जमिनीखाली प्लास्टिक होतं. मोरितांच्या सांगण्यावरून एका घराचा बागेतला नळ थोडासा उघडून ठेवला, गळती असते तितकाच. मोरिता तितक्याच अंतरावर गेले, जितक्या अंतरावरून लोखंडात ऐकलं होतं. काठी लावली. बराच वेळ ऐकलं. मान हलवली आणि काठी मुनियप्पांच्या हातात दिली. मुनियप्पांनी ऐकलं. त्यांनीही मान हलवली.

मोरिता जे बोलले ते ऋचाने अक्कांना सांगितलं आणि अक्कांनी मुनियप्पांना. “ते म्हणतात, मलाही ऐकू येत नाही.”

मुनियप्पांनी पुन्हा सांगायला सांगितलं. अक्कांनी तेच वाक्य पुन्हा, सावकाश सांगितलं. मग मुनियप्पा गटाराच्या कट्ट्यावर बसले आणि पंच्याने तोंड पुसलं. मोरिता त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी बोटाने जमिनीवर रेघा काढून दाखवलं की प्लास्टिकमध्ये आवाज लांब जात नाही, वाटेतच मरतो. म्हणून आपणच जवळ जायचं. प्रत्येक घराचा मीटर, प्रत्येक पितळी जोड, दहा-दहा पावलांवर. काम तिप्पट होतं आणि तरी सगळं सापडत नाही. त्यांच्या शहरात ते तसंच करतात, आणि त्यांनाही दोनदा कोरडी माती लागली आहे. हे ऐकून मुनियप्पा पहिल्यांदा हसले. दोनदाच का, असं त्यांनी विचारलं. माझं तर तीनदा झालंय.

मुख्याधिकारी सातला दहा मिनिटं असताना जाकीट चढवत पोचले. त्यांना कुणीतरी फोन केला होता. ते मागे उभे राहून शेवटचं सगळं बघत होते. दुपारी त्यांनी तळ्याकडच्या रस्त्यावर खोदायला माणसं लावली. फुलीच्या खाली पाणी निघालं. नाश्त्याचा कार्यक्रम नऊ मिनिटं उशिरा सुरू झाला, एवढी एक चूक अक्कांनी त्या दिवसाच्या नोंदीत स्वतःच्या नावावर लिहिली.

जाताना मोरितांनी काठी मुनियप्पांना दिली. सादरीकरण झालं, सत्कार झाले, टॅबलेटवरचा नकाशाही दाखवला गेला. त्याचे फोटो अहवालात आहेत. पण प्रश्न क्रमांक चारपुढे मी लिहिलेलं वाक्य अक्कांनी कुठेही रेघ न मारता ठेवलं. ते असं होतं : ‘विचारणारे : मुनियप्पा, वॉल्व्हमन. उत्तर देणारे : मोरिता, गळती शोधक. उत्तर : पाइप बदलला.’ पेन्सिल खाली ठेवून त्या म्हणाल्या, “स्वल्प जमायला लागलंय तुला.” दोन वर्षांत त्यांनी माझ्या लिहिण्याबद्दल काढलेले हे चांगले शब्द. यापेक्षा जास्त मी कुणाकडून मागितले नाहीत.

मार्चमध्ये मुनियप्पांचं कंत्राट वर्षभराने वाढलं. आदेशात कामाचं स्वरूप म्हणून चाव्या फिरवणं आणि गळती शोधणं, दोन्ही लिहिलं होतं. मुख्याधिकाऱ्यांनी त्याची एक प्रत संस्थेकडे पाठवली. पाठवायचं कारण नव्हतं. अक्कांनी ती चौथ्या प्रश्नाच्या फाइलला लावली आणि फाइल बंद केली.

एप्रिलच्या शेवटच्या कामाच्या दिवशी अक्का निवृत्त झाल्या. निरोप समारंभाची पत्रिका त्यांनी स्वतःच टंकली होती, दुसऱ्या कुणाच्या मिनिटांवर त्यांचा भरवसा नव्हता. संचालकांचं भाषण दहा मिनिटं, सहकाऱ्यांचं मिळून पंधरा, अल्पोपहार वीस. आणि मध्ये राखीव, चाळीस मिनिटे. मी विचारलं, निरोपात राखीव कशाला?

“माहीत असतं तर राखीव लिहिलं असतं का, पुणेकर?”

भाषणं झाली. राखीव वेळ सुरू झाला आणि लोक आपापसात गप्पा मारू लागले. पावणेचारला मुनियप्पा दारात उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, एका हातात मोगऱ्याचा हार, दुसऱ्या हातात कापडी पिशवीतली काठी. दोन बस बदलून आले होते. काठी का आणली असं कुणीतरी विचारलं तर म्हणाले, घरी ठेवत नाही.

त्यांनी अक्कांच्या हातात हार दिला. अक्कांनी त्यांना आपल्या टेबलाशी बसवून केशरी शिऱ्यासारखा केसरीबात दिला. खाता खाता त्यांची नजर कॅलेंडरवर गेली, मग खालच्या खिळ्यांच्या भोकांवर. ही ओल कसली, असं त्यांनी विचारलं. बांधकाम विभागाचे एक जण तिथेच होते. ते म्हणाले, पावसाची. मुनियप्पा म्हणाले, पाऊस जूनमध्ये येतो. लोक हसले. अक्का हसल्या नाहीत. त्या इतकंच म्हणाल्या की बारा वर्षांत हा प्रश्न विचारायचं त्यांना कितीदा सुचलं होतं, पण दौऱ्याच्या माणसांकडून स्वतःचं काम करून घ्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

“आज साडेपाचपर्यंतच तुम्ही ऑफिसच्या,” मुनियप्पा म्हणाले. “मग कुणाचं काम?”

ते हात धुऊन उठले. मोरीतल्या नळाला काठी लावली, मग व्हरांड्यातल्या मीटरला, मग मागच्या बागेतल्या वॉल्व्हला. समारंभाला जमलेले सगळे त्यांच्या मागे मागे फिरत होते; संचालकांनी हातानेच सगळ्यांना गप्प केलं. शेवटी मुनियप्पा आत आले, अक्कांची खुर्ची बाजूला केली आणि भिंतीपासून थोड्या अंतरावर फरशीवर खडूने फुली मारली. अक्कांनी घड्याळ बघितलं. चाळीस मिनिटांतली तीन उरली होती. त्यांनी अल्पोपहार वेळेवर सुरू करायला सांगितला.

साडेपाचला त्यांनी ड्रॉवरच्या किल्ल्या माझ्याकडे दिल्या. कोऱ्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा वरच्या कप्प्यात आहे, असं सांगितलं. कॅलेंडर काढून पिशवीत ठेवलं. फाटकापर्यंत मी गेले. राजाजीनगरची बस आली तेव्हा त्या चढल्या आणि खिडकीतून म्हणाल्या, “पुसू देऊ नकोस गं.” खडूबद्दल म्हणत होत्या.

पुढच्या गुरुवारी बांधकाम विभागाची माणसं आली. दोन फरश्या उचलल्या, हात-दीड हात खोदलं. पाइप लोखंडी होता, त्याचा जोड गंजलेला आणि त्यातून पाणी येत होतं. मी टेप मागून घेतला. फुली आणि गळती यांत एका वितीचं अंतर होतं.